ओतीव गंधकाला पडणारे तडे आणि डीसीपीडी

प्रश्न
वितळलेल्या गंधकात वाळू मिसळून आम्लरोधक फरशी ओतण्याचा विचार आहे. नुसत्या गंधकाचे नमुने सुरुवातीला भक्कम वाटतात, पण पुढे त्यांना बारीक तडे जातात. अशा वेळी सुमारे ५ टक्के डायसायक्लोपेंटाडाईन, म्हणजे डीसीपीडी हे हायड्रोकार्बन (कार्बन-हायड्रोजनचे संयुग), घालावे असे वाचले. परंतु पुरेसे तापवल्यास गंधक स्वतःच पॉलिमर (लांब साखळ्यांचा पदार्थ) होत असेल, तर हायड्रोकार्बनची गरज काय?

प्रतिसाद १
तड्यांचे मूळ स्फटिकरचनेत आहे. गोठताना गंधक मोनोक्लिनिक रूप घेते, ९५.५ अंश सेल्सिअसखाली ते अधिक घनतेच्या ऑर्थोरॉम्बिक रूपात बदलते, आकारमान घटते आणि कडक झालेल्या नमुन्यात ताण साठत जातो. सुमारे १५९ अंशांना आठ अणूंची वलये उघडून लांब साखळ्या होतात आणि पातळ द्रव काकवीसारखा दाट होतो हे खरे, पण थंड झाल्यावर त्या साखळ्या टिकत नाहीत, कालांतराने पुन्हा वलयेच बनतात. डीसीपीडीच्या दुहेरी बंधांशी गंधक जोडले गेले की पॉलिसल्फाइड, म्हणजे गंधकाच्या साखळ्या असलेली संयुगे, तयार होतात आणि त्यांच्या सान्निध्यात उरलेल्या गंधकाचे स्फटिकीकरण रोखले जाते. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्सने १९७० च्या दशकात याच मार्गाने गंधक-काँक्रीट विकसित केले.

प्रतिसाद २
ही अभिक्रिया उष्णता बाहेर टाकते, हे आधी लक्षात घ्यावे. सगळे डीसीपीडी एकदम ओतल्यास तापमान आवाक्याबाहेर जाते, म्हणूनच ब्युरोच्या मिश्रणात त्याच्या जोडीला सायक्लोपेंटाडाईनचे (ज्याचे दोन रेणू जुळून डीसीपीडी बनते) ऑलिगोमर, म्हणजे काही मोजके रेणू जुळून झालेल्या छोट्या साखळ्या, असत. मिश्रण १४० अंशांच्या आसपास राखावे. फार तापल्यास ते दाट होऊन ओतता येत नाही आणि विषारी हायड्रोजन सल्फाइडही सुटू शकतो. बंद खोलीत हा प्रयोग मुळीच करू नये.

प्रतिसाद ३
हायड्रोकार्बनचे प्रमाण बरेच वाढवले, तर पदार्थाची जातच बदलते. अॅरिझोना विद्यापीठातील जेफ्री प्युन यांच्या गटाने २०१३ मध्ये १८५ अंशांना द्रव गंधक आणि डायआयसोप्रोपेनिलबेंझीन हे हायड्रोकार्बन यांचा कोपॉलिमर (दोन्ही घटकांचा मिळून झालेला पॉलिमर) केला व या पद्धतीला व्यस्त व्हल्कनीकरण म्हटले, कारण नेहमीच्या व्हल्कनीकरणात रबरात थोडे गंधक घालतात, इथे उलट गंधकच जास्त असते. त्यात वजनाने ५० ते ९० टक्के गंधक असू शकते. असा पदार्थ साच्यात घालता येतो, त्याचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याचे माप) १.७ च्या वर जातो आणि तो अवरक्त किरणांना बराच पारदर्शक असतो. त्यामुळे भिंगांसाठी आणि लिथियम-गंधक बॅटरीच्या कॅथोडसाठी त्याचा अभ्यास झाला. फरशीसाठी मात्र हा खर्च अनाठायी वाटतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. त्याच फरशीवर कधीमधी कॉस्टिक सोडाही सांडतो. ते चालेल का?

प्रतिसाद १
नाही. कॉस्टिक सोड्यासारखी तीव्र अल्कली गंधकावर हल्ला करते आणि डीसीपीडीने त्यात फारसा फरक पडत नाही. तो भाग वेगळ्या लेपाखालीच ठेवावा.