मदत हवी आहे : आईचं गाणं घरी रेकॉर्ड करायचंय, पैसे लॅपटॉपवर घालू की माइक-इंटरफेसवर?

नमस्कार मंडळी,

माझी आई पेटी वाजवत गाते. चाली तिच्या स्वतःच्या, कुठेही लिहून ठेवलेल्या नाहीत, आणि एकच चाल ती दोनदा सारखी गात नाही. वयामुळे आवाज बारीक झालाय, पण सूर अजून पक्का आहे. या चाली नीट रेकॉर्ड करून ठेवायच्या आहेत. हे काम मला मनापासून महत्त्वाचं वाटतं, म्हणून सामान घेण्याआधी विचारतोय.

मोबाइलवर करून पाहिलंय. पेटी पुढे येते आणि शब्द मागे पडतात. शिवाय आवाज चढला की मोबाइल आपोआप पातळी खाली ओढतो आणि ओळ संपली की परत वर नेतो, त्यामुळे दोन ओळींच्या मधल्या शांततेत खोलीची घरघर ऐकू येते.

घरात जुना लॅपटॉप आहे. आय५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, फिरणारी हार्ड डिस्क, विंडोज १०. ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की पंखा जोरात सुरू होतो. खोली साधारण तीन बाय साडेतीन मीटर, खाली फरशी, एका बाजूला कपड्यांचं भिंतभर कपाट, समोर रस्त्याकडची खिडकी.

अडचणी अशा की आई गाणं आणि पेटी वेगवेगळं रेकॉर्ड करू शकणार नाही. दोन्ही एकत्रच होतं, हात थांबले की गळाही थांबतो. हेडफोन तिला सहन होत नाहीत. ती खाली बसून गाते. पुढे कधीतरी मी तिच्या गाण्याखाली गिटार वाजवून जोडीन, पण ते नंतरचं.

बजेट एकदाच आणि मोजकं. ओळखीतले लोक म्हणतात, आधी दणकट लॅपटॉप घे. तो घेतला तर जवळजवळ तीन चतुर्थांश पैसे तिथेच जातात आणि उरलेल्यात एक यूएसबी माइक येईल. लॅपटॉप हाच ठेवला तर दोन इनपुटचा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायची डबी), दोन माइक, स्टँड, केबल आणि हेडफोन एवढं बसतं. माझं मन दुसरीकडे झुकतंय, पण गाणं चालू असताना लॅपटॉप अडखळला तर ती चाल पुन्हा तशी मिळणार नाही, ही भीती आहे.

कंडेन्सर (वीज लागणारा, जास्त संवेदनशील माइक) घ्यावा की डायनॅमिक (विजेशिवाय चालणारा, कमी संवेदनशील), यावर वाचलं तेवढा गोंधळ वाढला. पॉडकास्टवाल्यांकडे दिसतो तो शुअर एसएम७बी घ्यावा का? दोन यूएसबी माइक लावून काम भागेल का? आणि मॉनिटर स्पीकर (रेकॉर्डिंग तपासून ऐकायचे स्पीकर) आत्ताच लागतील का?

प्रतिसाद १

लॅपटॉप बदलू नका. तुमच्याच माहितीत त्याचं कारण आहे: आई हेडफोन लावणार नाहीत.

दमदार कंप्युटर लागतो तो मुख्यतः दोन कामांना. एक, गाणारा स्वतःचा आवाज कंप्युटरमधून फिरून कानात ऐकत असेल तर. तेव्हा बफर (कंप्युटर एका घासात घेतो तो आवाजाचा तुकडा) लहान ठेवावा लागतो. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे पावणेतीन मिलिसेकंदांच्या आत प्रोसेसरने प्रत्येक घास संपवायचा, जमलं नाही की टकटक ऐकू येते. दोन, डझनभर ट्रॅकवर भारी प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारे जोड-प्रोग्राम) किंवा मोठ्या सॅम्पलची आभासी वाद्यं चालवायची असतील तर. तुमच्याकडे दोन्ही नाही. गाताना कुणी हेडफोनवर ऐकतच नसेल तर बफर सरळ १०२४ ठेवा, म्हणजे लॅपटॉपला २१ मिलिसेकंदांची उसंत मिळते. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचे दोन ट्रॅक मिळून सेकंदाला जेमतेम २८८ केबी लिहिले जातात, तासाला साधारण १ जीबी. हे ओझं जुन्या मशीनलाही जड नाही.

मात्र ती हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) बसवा. सगळ्या खर्चात हा खर्च सर्वात लहान आणि त्याचा फरक पहिल्या दिवसापासून जाणवेल. डिस्कची गुरगुरही जाईल. रॅम ८ जीबी पुरे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपलाय, तेव्हा हे मशीन फक्त रेकॉर्डिंगसाठी ठेवा आणि नेटला जोडू नका. वाय-फाय बंद ठेवण्याचा आणखी एक फायदा असा की त्याच्या ड्रायव्हरमुळे मध्येच येणारी टकटक थांबते. लेटन्सीमॉन नावाचं मोफत साधन आहे, ते अर्धा तास चालवून पाहा, नेमका कोणता ड्रायव्हर अडवतोय ते दिसतं.

पंख्याचा आवाज हा तुमचा खरा शत्रू आहे. लांब यूएसबी केबल घेऊन लॅपटॉप कपाटाच्या आडोशाला किंवा दाराबाहेर ठेवा.

दोन यूएसबी माइकचा विचार सोडून द्या. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं असतं, त्यामुळे लांबलचक रेकॉर्डिंगमध्ये दोन ट्रॅक हळूहळू एकमेकांपासून सरकतात. शिवाय विंडोजवर ॲसिओ या रेकॉर्डिंगसाठीच्या खास ड्रायव्हरमधून सॉफ्टवेअर एका वेळी एकच उपकरण धरतं. एक इंटरफेस, त्यात दोन माइक, हाच रस्ता.

इंटरफेस घेताना माइकचे प्रीअँप (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारे भाग) मोजा. फोकसराइट स्कार्लेट सोलोमध्ये माइकचा प्रीअँप एकच आहे, २आय२ मध्ये दोन. बेहरिंगरमध्येही यूएमसी२२ ला एक, यूएमसी२०२एचडीला दोन. खोक्यावर 'दोन इनपुट' लिहिलेलं असलं तरी दुसरं गिटारचं असू शकतं, तिथे माइक चालणार नाही. सॉफ्टवेअर म्हणून रीपर घ्या, ते हलकं आहे आणि ६० दिवस पूर्ण स्वरूपात वापरून बघता येतं.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी माइकबद्दल लिहितो.

एसएम७बी नको. माइक उत्तम आहे, पण त्याला स्वच्छ ६० डेसिबलच्या आसपास गेन (प्रीअँपने सिग्नल वाढवायचं प्रमाण) लागतो. आवाज बारीक आणि इंटरफेस स्वस्तातला, म्हणजे प्रीअँप पूर्ण पिळावा लागेल आणि खरखर वर येईल.

याच कारणासाठी आईंच्या आवाजाला कंडेन्सर घ्या असं मी म्हणेन. ऑडिओ-टेक्निका एटी२०२० ची संवेदनशीलता शुअर एसएम५८ पेक्षा १७-१८ डेसिबलने जास्त आहे, प्रीअँपला तेवढं कमी राबावं लागतं. 'कंडेन्सर खोली जास्त ऐकतो' हे वाक्य तुम्ही वाचलंच असेल. त्याने बरेच जण घाबरतात, पण त्यातला अर्धा भाग अंतराचा आहे. लोक कंडेन्सर हातभर लांब ठेवतात आणि डायनॅमिक ओठांशी धरतात. दोन्ही कार्डिऑइड (समोरचं जास्त, मागचं कमी ऐकणारे) असतील आणि तोंडापासून सारख्याच अंतरावर असतील तर खोली आणि आवाज यांचं प्रमाण दोन्हीत जवळपास सारखंच येतं. पेटीला एसएम५७ किंवा तसाच कुठलाही चांगला डायनॅमिक चालेल, पेटीचा आवाज मुळात भरपूर असतो. कंडेन्सरसाठी ४८ व्होल्टचा फँटम (माइकला केबलमधूनच मिळणारी वीज) लावला की तो बऱ्याच छोट्या इंटरफेसवर दोन्ही इनपुटना जातो. धड एक्सएलआर (तीन पिनांची माइकची) केबल असेल तर डायनॅमिकला त्याने काही होत नाही.

आता खरा प्रश्न. पेटी आईंच्या माइकमध्ये शिरणारच, पूर्ण थांबणार नाही. ती कमी कशी शिरेल एवढंच बघायचं, आणि यात महाग माइकपेक्षा तो कुठे ठेवलाय हे जास्त कामाला येतं. कार्डिऑइड माइक पाठीमागून सर्वात कमी ऐकतो. म्हणून गाण्याचा माइक पेटीच्या वरून, खालून वर तोंडाकडे तिरपा करा, म्हणजे त्याची पाठ पेटीकडे येते. ओठांपासून वीतभर अंतर आणि मध्ये पॉप फिल्टर (प, फ यांचे फुत्कार अडवणारी जाळी). एटी२०२० ला आवाज टोकाकडून नाही, बाजूने द्यायचा असतो, चिन्ह आहे ती बाजू तोंडाकडे. पेटीचा माइक तिच्या माथ्यावर, भात्यापासून दूरच्या कोपऱ्यात, तोंड खाली आणि पाठ आईंकडे. दोन माइकमधलं अंतर हे प्रत्येक माइक आपल्या आवाजापासून जितका दूर आहे त्याच्या तिप्पट तरी असावं. तोंड १५ सेंटीमीटरवर असेल तर दोन माइक ४५ सेंटीमीटर लांब. खाली बसून गाताना एवढी जागा मिळते. दोन्ही ट्रॅक एकत्र ऐकताना आवाज पोकळ वाटला तर एकाची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) सॉफ्टवेअरमध्ये उलटी करून बघा, जे भरीव लागेल ते ठेवा.

आणि एक बिनखर्चाचा उपाय: पेटीचा आवाजच लहान करा. झाकण लावून वाजवू द्या, कपलर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातलीही वाजवणारी सोय) बंद, डबल रीड असेल तर स्टॉपर दाबून एकच सेट चालू. पेटीखाली जाड सतरंजी. बारीक आवाज आणि उघडी पेटी यांतलं अंतर मिक्सिंगमध्ये भरून काढण्यापेक्षा इथे भरणं फार सोपं आहे.

स्टँड बूमचा आणि बुटका घ्या. उभ्याचा स्टँड खाली वाकवला की सतत तोल जातो.

प्रतिसाद ३

वेगळा पर्याय सुचवतो. झूम एच४एन प्रोसारखा हातातला रेकॉर्डर बघा. त्यात एक्सएलआरची दोन इनपुटं आहेत, फँटम आहे, कार्डवर रेकॉर्ड होतं. लॅपटॉपचा पंखा, ड्रायव्हर, विंडोज, सगळंच बाजूला. पुढे यूएसबीने जोडून इंटरफेस म्हणूनही चालतो. गिटार जोडताना रोज वापरायला मात्र इंटरफेसची मोठी बटणं सोयीची पडतात.

मॉनिटर स्पीकर आत्ता नको. तीन-साडेतीन मीटरच्या भिंतींमध्ये ५० हर्ट्झच्या आसपास खालचा सूर कुठे फुगतो, कुठे गायब होतो, स्पीकर कितीही चांगला असला तरी. बंद कपांचा हेडफोन घ्या, सोनी एमडीआर-७५०६ किंवा एटीएच-एम४०एक्स. ब्लूटूथ नको.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. आई हेडफोन लावत नाही ही मला अडचण वाटत होती, तिचाच फायदा होईल असं सुचलं नव्हतं. तर ठरलं: लॅपटॉप हाच, त्यात एसएसडी, दोन प्रीअँपचा इंटरफेस, एक कंडेन्सर, एक डायनॅमिक, बुटका बूम स्टँड, हेडफोन. रेकॉर्डरचा पर्याय चांगला आहे, पण गिटार जोडायची असल्याने इंटरफेसच घेतो.

दोन गोष्टी राहिल्या. खोलीला फोम लावू का? आणि पातळी किती ठेवायची? आई एका ओळीत कुजबुजते आणि पुढच्या ओळीत खुलते, गेन फिरवायला मी मध्ये हात घालू शकत नाही.

प्रतिसाद २ (पुन्हा)

पातळ फोमने फक्त वरचे सूर दबतात आणि खोली कोंदट वाटते. तुमच्याकडे कपड्यांचं कपाट आहे ना? दारं उघडून आईंना त्याच्याकडे पाठ करून बसवा. माइकचं तोंड त्यांच्याकडे म्हणजे कपाटाकडे राहील आणि तिकडून उसळणारा आवाज कपडे शोषतील. माइकच्या मागे खिडकी येईल, तिला जाड रजई टांगा. खोलीचा पंखा बंद.

पातळीसाठी आधी त्यांना सर्वात खुलून गातात ती ओळ गायला सांगा आणि तेव्हा मीटर उणे १२ डेसिबलच्या वर जाणार नाही असा गेन लावा. मग हात लावू नका. २४ बिटमध्ये कुजबुज कितीही खाली गेली तरी नंतर वर आणता येते, मीटर शून्याला आपटून फाटलेला आवाज मात्र परत जोडता येत नाही. रेकॉर्डिंगचं बटण आई पेटीजवळ बसायच्या आधीच दाबून ठेवा आणि उठेपर्यंत बंद करू नका, तासाला १ जीबी म्हणजे काहीच नाही. मूळ वेव्ह फाइल त्याच रात्री दुसऱ्या डिस्कवर उतरवा, मिक्सिंग नेहमी प्रतीवरच.