पेंटेकॉस्ट हा आधी यहुद्यांचा कापणीचा सण होता ना? मग मुलांना अर्थ काय सांगायचा?

रविवारशाळा_ताई
नमस्कार. मी आमच्या चर्चमध्ये रविवारच्या शाळेला शिकवते, आठवी ते दहावीची मुलं आहेत. पेंटेकॉस्टला, म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या सणाला, आपण दरवर्षी सांगतो की पवित्र आत्मा आला, मंडळीचा जन्म झाला. यंदा एका मुलीने बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये २:१ वर बोट ठेवलं, म्हणाली टीचर, इथे तर पन्नासाव्या दिवसाचा सण आला असं लिहिलंय, म्हणजे सण आधीपासून होताच की. मी यहुद्यांचा सप्ताहांचा सण, गव्हाची कापणी एवढं सांगितलं आणि अडकले. कापणीचा आणि आत्म्याचा संबंध काय? आणि जुन्या करारातल्या लेवीय २३ मध्ये या सणाला खमीर (पीठ फुगवायचं आंबवण) घातलेल्या भाकरी आणायला का सांगितल्यात, वल्हांडणाला, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाला, तर खमीर घरातसुद्धा चालत नाही.

नगरकर
ताई, मुलीने नेमकी जागा पकडलीय. वल्हांडणाच्या दिवसांत सातूची पहिली पेंढी याजक देवापुढे ओवाळायचा, तिथून सात आठवडे मोजायचे आणि पन्नासाव्या दिवशी नव्या गव्हाच्या दोन भाकरी. प्रेषित पौल १ करिंथ १५ या पत्रात उठलेल्या ख्रिस्ताला प्रथमफळ म्हणतो ते याच रीतीवरून. पहिली पेंढी आली म्हणजे मागचं शेत येणारच, हा भरवसा त्यात आहे. आमच्याकडे उपकारस्तुतीच्या रविवारी वडील ज्वारीची कणसं चर्चमध्ये न्यायचे, पोती भरून उरलेली नाही, खळ्यावर काही जायच्या आधी तोडून बाजूला ठेवलेली. आत्मा आला त्या दिवशी यरुशलेमात बाप्तिस्मा घेतलेली सुमारे ३००० माणसं मला तशीच वाटतात, पहिली कणसं. आणि एवढी माणसं जमली होती कशाला, पार्थी, मेदी, एलामी, पार रोमचे लोक, तर सणालाच आले होते, कारण वर्षातल्या ज्या तीन सणांना मंदिरात हजर व्हायचं त्यातला हा एक. दुसऱ्या कुठल्या दिवशी येशूचा शिष्य पेत्र उपदेशाला उभा राहिला असता तर इतक्या देशांचे लोक समोर नसते.

खमिराचं म्हणाल तर पुष्कळ उपदेशक एक भाकर यहुदी आणि एक परराष्ट्रीय असं सांगतात, पण लेवीयात तसं लिहिलेलं नाही, तो मागून लावलेला अर्थ आहे, मुलांना तसं स्पष्ट सांगा. खमीर वेदीवर जाळायचं नाही असा नियमच आहे, म्हणून या भाकरी ओवाळून याजकाला द्यायच्या. मला त्यात एवढंच दिसतं की घरात रोज खातो तीच भाकर देवाने मागितली.

वसईची_लेक
नगरकरांचं वाचून आमचा आगेरा आठवला. ऑक्टोबरमध्ये भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, फादर आशीर्वाद देतात. तो वेगळा सण आहे, पण पहिलं देवाचं ही गोष्ट मी बायबल वाचायच्या आधी तिथे शिकले.

ओंबी
ताई, एक मनापासून विनंती. यहुद्यांचा सण संपला आणि आपला सुरू झाला असं शिकवू नका. ते आजही शावुओत, म्हणजे हाच सप्ताहांचा सण, पाळतात, सीनाय डोंगरावर नियमशास्त्र मिळाल्याचा दिवस मानतात, कितीतरी जण रात्रभर जागून शास्त्र वाचतात, आणि रूथचं पुस्तक वाचतात. रूथ का, तर ती परक्या देशाची, मवाबी, आणि सातू-गव्हाच्या कापणीत सरवा, म्हणजे कापताना मागे राहिलेली कणसं, वेचून सासूला जगवणारी. आता लेवीय २३:२२ बघा, सणाचे नियम सांगता सांगताच मध्येच येतं की शेताच्या कडा कापू नका, सरवा वेचू नका, गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. मग प्रेषित २ चा शेवट वाचा, विश्वासणारे जमीनजुमला विकून ज्याला जशी गरज तसं वाटून देत होते. आत्मा आल्यावर शेताच्या कडेवर थांबले नाहीत, अख्खं शेतच दिलं. त्या दिवशी शिष्य वेगवेगळ्या भाषा बोलले, अग्नीच्या जिभा दिसल्या, हे आपण सांगतो, वाटून दिल्याचं मात्र राहून जातं.

रविवारशाळा_ताई
ओंबी, हे माझ्याही कधी लक्षात आलं नव्हतं, खरंच आभार. पुढच्या रविवारी रूथ २ घेते आणि लगेच प्रेषित २. आमची मुलं शहरातली, सरवा म्हणजे काय ते त्यांनी पाहिलेलंच नाही. पुण्यात कुणाकडे गव्हाच्या ओंब्या जपून ठेवलेल्या असतील तर सांगा, मी येऊन घेऊन जाईन.