हलक्या .२४३ विंचेस्टर रायफलला हरणासाठी कुठली बुलेट, कुठली पावडर?

प्रश्न: मी टेक्सासला असतो, हलकी .२४३ घेतलीय, व्हाइटटेल हरणाच्या शिकारीसाठी काडतुसं स्वतःच भरायचीत (लोड करायचीत), बुलेट ८० ग्रेनची (ग्रेन म्हणजे वजनाचं एकक) घेऊ की १००?

उत्तर १: सरळ ९५-१०० ग्रेन, नोस्लर कंपनीच्या पार्टिशनसारखी मजबूत बुलेट घे. ५५-५८ ग्रेनवाल्या छोट्या प्राण्यांसाठी असतात, हरणाच्या खांद्यावर लागल्या की खोल न जाता वरच फुटतात आणि बिचारं हरीण जखमी होऊन पळत राहतं, ते नकोच.

उत्तर २: पूर्ण तांब्याची असेल तर ८०-८५ पण चालते, वजन टिकवून खोल जाते. कॅलिफोर्नियात तर २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी बंदच आहे.

उत्तर ३: पावडर मंद जळणारी, एच ४३५० किंवा ४८३१. चार्ज (काडतुसात किती पावडर भरायची) मात्र लोडिंगच्या मॅन्युअलमधूनच, सगळ्यात खालच्या आकड्यापासून, ऑनलाइन कोणी सांगितलेला अजिबात नको. आणि बॅरलचा ट्विस्ट (नळीच्या आतल्या खाचांचा पीळ) बघ रे, १० इंचाला एक वळसा असेल तर १०० ग्रेन सहसा नीट जाते.