१९९४ ची एफ-१५०, उणे ३४ ला सेल्फ घेत नाहीये, काय करू?

गारठलेला_पुणेकर
मंडळी, सास्कॅटूनला असतो, कॅनडातला दुसरा हिवाळा. उन्हाळ्यात जुनी पिकअप घेतली, फोर्ड एफ-१५०, ४.९ लिटर सहा सिलिंडर, पेट्रोल, पाच गिअर मॅन्युअल. नोव्हेंबरपर्यंत लोण्यासारखी चालली हो. आता तीन दिवस झाले, सकाळी उणे ३४ असतं आणि किल्ली फिरवली की घर्रऽऽ... घर्रऽऽ, म्हातारा जिना चढतो तसं, आणि मग नुसतं टक. ब्लॉक हीटर (इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर) आहे, समोरच्या जाळीतून वायर लोंबते ती रात्रभर प्लगला लावून ठेवतो, तरी हे. विकणारा म्हणाला जुनं इंजिन आहे जाड ऑइल टाक म्हणून सप्टेंबरात १०डब्ल्यू-४० टाकलंय. सेल्फ मारायच्या आधी अ‍ॅक्सिलरेटर पाच-सहा वेळा दाबतो, बाबांच्या गाडीला तसंच करायचो. बायको म्हणते विकून टाक. नवीन बॅटरी घेऊ का?

विनिपेगवाली
बॅटरीवर पैसे घालायच्या आधी हीटर खरंच तापतोय का ते बघा!! वायर लावली म्हणजे हीटर चालू असं नसतं, आम्ही पहिल्या वर्षी अख्खा जानेवारी मेलेल्या हीटरला प्लग लावत होतो. शांत असेल तेव्हा प्लग लावून बॉनेटजवळ कान द्या, चहाचं आधण ठेवल्यावर सुरुवातीला येतो तसा बारीक सूंऽ आवाज यायला हवा. नाहीतर प्लग काढून त्याच्या दोन चपट्या पिनांना मल्टीमीटर लावा. ४०० वॉटचा हीटर असेल तर इथल्या १२० व्होल्टला ३६ ओहमच्या आसपास दिसेल, काहीच दिसलं नाही तर केबल तरी गेली किंवा एलिमेंट तरी. आणि रात्रभर कशाला, निघायच्या आधी तीन-चार तास बास होतात, टायमर लावा, बिल वाचेल.

बॅटरीचं म्हणाल तर उणे १८ लाच तिची ताकद निम्म्यावर येते, तुम्ही तर ३४ ला आहात. रात्री काढून घरात आणून ठेवा, कटकट आहे पण फुकट आहे. पूर्ण उतरलेली बॅटरी या थंडीत आतून गोठते, फुगलेली दिसली तर जंपर (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची जोडवायर) अजिबात लावू नका, फुटू शकते.

कोल्हापुरी_गॅरेज
आमच्यात १२ डिग्रीला शेकोट्या पेटत्यात, उणे ३४ म्हणजे भावा तू फ्रीजरमध्येच ऱ्हातोस की. असो. ते पाच-सहा वेळा दाबणं बंद कर पहिलं. ते कार्बोरेटरच्या गाडीला, तिथं दाबलं की पेट्रोलची पिचकारी आत जाती आणि चोक बसतो. तुझी फ्युएल इंजेक्शनची हाय, तिथं दाबून काय बी होत न्हाई. किल्ली ऑन कर, टाकीकडनं पंपाचा गुंऽ आवाज येऊन थांबतो, परत ऑफ, परत ऑन, मग सेल्फ. क्लच पूर्ण दाबून मार, नायतर गिअरबॉक्समधलं घट्ट झालेलं ऑइल बी बिचाऱ्या सेल्फलाच घुसळायला लागतंय. दहा सेकंदांच्या वर मारू नको, मधी दोन मिनिटं थांब, सेल्फ जळंल.
आन १०डब्ल्यू-४० कुणी सांगितलं रं? त्या थंडीत त्याची काकवी झाली असणार. ५डब्ल्यू-३० सिंथेटिक टाक, ते थंडीत पातळ ऱ्हातंय. अर्थची वायर बी बघ, जुन्या गाडीत निम्मी दुखणी तिथंच असत्यात.

लेह_रिटर्न
तुमचं पेट्रोल आहे म्हणून नशीबवान. लेहला आमच्या डिझेल गाड्यांचं डिझेलच तुपासारखं थिजायचं, फिल्टर चोक. ड्रायव्हर लोक रॉकेल मिसळायचे नाहीतर टाकीखाली जाळ करायचे, बघून पोटात गोळा यायचा. २०१९ ला तिथे हिवाळ्याचं वेगळं डिझेल आलं, उणे ३३ पर्यंत वाहतं राहणारं. तुम्ही फक्त टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका, रिकाम्या जागेत ओल धरते आणि ते पाणी लाईनमध्ये गोठतं.

नवखा_०७
गॅरेजचं दार लावून आतच दहा मिनिटं चालू ठेवली तर लवकर नाही का तापणार?

विनिपेगवाली
@नवखा_०७ नाही नाही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बसल्या जागी जातो. दार सताड उघडं ठेवूनसुद्धा नको, गाडी चालू झाली की बाहेर काढायची.

गारठलेला_पुणेकर
अपडेट. मल्टीमीटरवर काहीच नाही! केबल हीटरला जिथे घुसते तिथली पिन हिरवी पडून जळालेली, म्हणजे गेले महिनाभर मी रोज रात्री भक्तिभावाने मेलेल्या वायरीला प्लग लावत होतो. नवी केबल टाकली, आता ३५ ओहम येतो, आणि तो आधणाचा आवाजपण आला, ताई तुमचं खरंच बरोबर. ऑइल बदललं, जुनं निघताना खरोखर काकवीसारखं ओघळत होतं. बॅटरी दोन रात्री किचनमध्ये ओट्याखाली होती, घरात त्यावर वेगळी चर्चा झाली ती जाऊ दे.
आज सकाळी उणे ३१, क्लच दाबून, किल्ली दोनदा ऑन-ऑफ, आणि तिसऱ्या सेकंदाला धरली! स्टिअरिंग कण्हत होतं ते समजू शकतो, पण पहिले दोन-तीन चौक गाडी अशी धडधडत होती की चाकं चौकोनी आहेत की काय, ते काय आहे आता?

विनिपेगवाली
चौकोनीच असतात :) रात्रभर एकाच जागी उभी राहून रबर खालून चपटं होऊन कडक होतं. हवा तेवढी बघा, थंडीत कमी होते. थोडं चाललं की होतात गोल.