मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या वैराचे मूळ कशात आहे?

पंचवटीकर: नाशिकमधील गांधीनगरच्या दुर्गापूजेत कोलकात्याच्या या दोन फुटबॉल क्लबांवरून दोन बंगाली गृहस्थांचा कडाक्याचा वाद ऐकला. एकाच शहरातील क्लबांमध्ये एवढे वैर का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

नाशिकरोडकर: मोहन बागान १८८९ चा. २९ जुलै १९११ रोजी त्याच्या संघाने, ज्यातील एक सोडून सारे खेळाडू अनवाणी होते, ब्रिटिश लष्कराच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आयएफए शील्ड ही फुटबॉल स्पर्धा जिंकली. पुढे १९२० मध्ये जोडाबागान क्लबने मोहन बागानविरुद्धच्या सामन्यातून शैलेश बोस यांना वगळले, तेव्हा उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरी बाहेर पडले आणि ईस्ट बंगालची स्थापना झाली. मात्र खरी धार आली ती फाळणीनंतर, कारण पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना परक्या शहरात हा क्लब हक्काचा वाटला, तर मोहन बागान मूळच्या पश्चिम बंगालकरांचा मानला गेला. विजयानंतर मोहन बागानकडे कोळंबी, ईस्ट बंगालकडे हिलसा मासा, ही प्रथा त्यातूनच आली. (आपण ऐकलेला वादही बहुधा माशांवरच घसरला असेल!)

कॉलेज रोडकर: १९७५ च्या शील्ड अंतिम सामन्यातील ईस्ट बंगालचा ५-० विजय बागानसमर्थकांना आजही बोचतो. परंतु १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात झालेल्या चेंगराचेंगरीत १६ प्रेक्षक दगावले. तेव्हा या वैराचे केवळ कौतुक करणे मला पटत नाही. शिवाय १९३४ ते १९३८ सलग पाच वेळा कलकत्ता लीग जिंकणाऱ्या मोहम्मेडन स्पोर्टिंग या त्याच शहरातील क्लबला या चर्चेत सगळेच विसरतात.