क्रिटिकला गप्प राहिलं म्हणून मार्क कापायचे का?

चित्रवही

मी सांगलीत शाळेवर चित्रकला शिकवते. माझी एक जुनी विद्यार्थिनी शिल्पकलेच्या चौथ्या सेमिस्टरला आहे. कॉलेज कुठलं ते सांगणार नाही, विचारू नका. परवा तिचं सेमिस्टरअखेरचं क्रिटिक झालं, म्हणजे केलेलं काम परीक्षकांपुढे मांडून त्यावर चर्चा. बाहेरच्यांना बसायला परवानगी होती, म्हणून मी गेले.

कंपोझिशनसाठी तिने सांगलीजवळच्या हरिपूरचं हळद साठवायचं पेव केलं होतं. खड्डा नव्हे, खड्ड्याच्या आतली पोकळी. ज्यांनी पेव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: जमिनीत खोल खणलेली कोठी, वर माणूस कसाबसा उतरेल एवढं तोंड आणि आत पोट सुटलेलं. त्या रिकाम्या जागेचाच आकार प्लास्टरमध्ये उभा केलेला, माझ्या छातीला लागेल एवढा. अंगभर कुदळीचे घाव, पण उलटे. भिंतीत जिथे खाच पडते तिथे हिच्याकडे उंचवटा. आणि तळाकडचा भाग एकदम गुळगुळीत, कारण 2005 च्या पुरात पेवांत पाणी शिरलं, बरीच ढासळली, त्याचा गाळ. हे मला कुणी सांगितलं नाही. दोन्ही बाजूंनी वाकून बघितलं तेव्हा दिसलं.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिला प्रश्न केला, "हे काय, रांजण का?" ती म्हणाली, "सर, आधी बघा ना." झालं. त्यानंतर तिच्या तोंडून शब्द फुटला नाही आणि सरांचं पेन चालू झालं. पुढच्या मुलाची एक साखळदंडातली आकृती होती, त्याने 'अस्तित्वाची घुसमट' या विषयावर व्यवस्थित भाषण दिलं. (दर वर्षी दोन-तीन घुसमटी असतातच.) त्याला शाबासकी.

माझं म्हणणं एवढंच, की क्रिटिकमध्ये सुरुवातीला विद्यार्थ्याला बोलायलाच लावू नये. आधी बघणाऱ्यांनी काय दिसलं ते बोलावं. तिथे एकाही परीक्षकाने शिल्पाला साधी प्रदक्षिणा घातली नाही. समोर उभे राहून सगळे कागद वाचत होते.

छिन्नीहातोडा

ताई, तुमचा जीव तुटतोय ते कळतंय, पण मुलीची वकिली करताना धंदा काय असतो तेही बघा. माझं पुतळ्यांचं वर्कशॉप आहे. समिती येते, क्ले मॉडेलपुढे उभी राहते. एक म्हणतो नाक बसकं, दुसरा म्हणतो फेटा तिरका, तिसऱ्याला तलवार लांब हवी असते. वर कला संचालनालयाची मंजुरी घ्यायची. तिथे "आधी बघा ना" म्हणून चालतंय होय? तोंड उघडावंच लागतं.

दुसरं म्हणजे कामाबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही. वेस्ट मोल्ड, म्हणजे एकदाच वापरून फोडायचा साचा, घेतला का? पहिला थर निळीचा दिला होता का? तो दिला नाही की साचा फोडताना छिन्नी कुठे थांबवायची कळत नाही आणि खालचं काम जखमी होतं. मग "कुदळीचे घाव" म्हणून खपवायला सोपं. काथ्या किती घातला, आत पाइप आहे का, वरचं पोट जड आणि तळ निमुळता असेल तर तोल कसा सांभाळला? चौथ्या सेमिस्टरला हे विचारायचं असतं. माणसाचं शरीर करायला अवघड, म्हणून पोकळी करायची, ही पळवाट मी बरीच पाहिली आहे.

चौथीसेम

मी त्याच वर्गात आहे. छिन्नीहातोडा काका, तिचा हेड स्टडी (माणसाच्या डोक्याचं शिल्प) आमच्यात सगळ्यात चांगला होता, कान सोडून. पळवाट वगैरे नाही. निळीचा थर होता, साचा आम्ही दोघींनी फोडला, बोटं माझीही सोललीत. आणि तळ निमुळता नाही, रुंदच आहे.

पण मॅडम, तुमचंही पटत नाही. ती ठरवून गप्प बसली नव्हती. घाबरली होती. बाहेर येऊन बाथरूममध्ये रडली. तुम्ही त्याचं तत्त्व करून टाकलंत. कन्सेप्ट नोट, म्हणजे कामामागची कल्पना लिहिलेला कागद, सगळ्यांना सक्तीची होती, हिने दोन ओळी खरडून दिल्या. घुसमटवाल्याने पान भरून इंग्रजीत दिली आणि तीच वाचून दाखवली, त्याला त्यातलं निम्मं विचारलं तर सांगता येणार नाही, ते वेगळं. शिवाय सरांना जेवणाच्या आत अख्खा वर्ग संपवायचा होता. प्रदक्षिणा घालायला जागा तरी कुठे होती? स्टँड भिंतीला चिकटवून लावले होते, तेही आम्हीच.

चित्रवही

घाबरली असेल तर उलट माझाच मुद्दा पक्का होतो. घाबरणाऱ्या मुलांना शिल्प करता येत नाही असं कुठे आहे?

बाहेरचापरीक्षक

या प्रकरणातला मी नाही, पण असाच बाहेरून परीक्षक म्हणून अनेकदा गेलो आहे. जरा आमची बाजू. विद्यार्थी बोलला नाही तर काम त्याने स्वतः केलंय की कुणा कारागिराकडून आणलंय हे कसं कळायचं? हे होतं, आणि आपल्या सगळ्यांना माहीत आहे. प्रश्न विचारला की स्वतःच्या हाताने काम केलेला बरोबर ओळखता येतो. त्याला प्लास्टर कधी तापलं, कधी धरलं, कुठे तडा गेला हे आठवतं. "घुसमट" मला नको असते, "तडा कुठे गेला" हवा असतो.

आणि चांगलं काम स्वतः बोलतं हेही खरंच. अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार करमरकरांच्या शिल्पालयातली म्हैस बघा. कुठली नोट लागते?

औंधवाला

म्हशीला "रांजण का?" असं कोण विचारणार आहे, सर? ओळखीचा आकार आहे, म्हणून बोलतो. अनोळखी आकारापुढे आपण काय करतो ते बघायचं तर आमच्याकडे या, सातारा जिल्ह्यात. औंधच्या श्री भवानी संग्रहालयात इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्प आहे. सहलीची पोरं रवि वर्म्यापुढे फोटो काढतात आणि मूरच्या पुढून सरळ निघून जातात. गुरुजीसुद्धा.

आणि पोकळीचा साचा हा काही त्या मुलीचा वेडेपणा नाही. रेचल व्हाइटरीड या ब्रिटिश शिल्पकर्तीने 1993 मध्ये लंडनमधल्या एका अख्ख्या घराची आतली जागा काँक्रीटमध्ये ओतली. त्याच वर्षी तिला टर्नर हा तिथला मोठा कला पुरस्कार मिळाला, आणि पुढच्या जानेवारीत तिथल्या कौन्सिलने ते पाडूनही टाकलं. तिथेही लोक "हे काय?" म्हणालेच.

छिन्नीहातोडा

म्हणजे लंडनची नक्कल हरिपूरला. छान.

औंधवाला

मग अश्वारूढ पुतळा ही कुणाची नक्कल म्हणायची, साहेब?

हरिपूरकर

लई शिकल्याली माणसं बोलायलीत, आमचं दोन शब्द घ्या. आमच्या घरची पेवं होती. 2005 ला गेली. रांजण म्हणणाऱ्या साहेबाला एकदा हरिपूरला घेऊन या. पेवाचं तोंड उघडल्या उघडल्या कुणी आत उतरत न्हाई. कोंडल्याली हवा असतीया, माणूस जागेवर गार पडतोय. उघडं टाकून ठेवायचं, दिवा सोडून बघायचा, इझला न्हाई तर मग माणूस. हळद मात्र आत वर्षानुवर्षं ऱ्हायची, किडीचं नाव न्हाई.

पण पोरीचं एक चुकलंय. आमच्यात तरी भरायच्या आधी आतनं सारवून पाला लावायचे. कुदळीचं घाव दिसायचेच न्हाईत. भरल्या पेवाची पोकळी करायची तर अंगावर पाल्याच्या रेघा पायजेत. घाव दाखवायचे असतील तर ते नुसतं खणल्यालं पेव झालं, मग त्यात पुराचा गाळ कसा? दोन टायमाच्या गोष्टी एकात घातल्यात.

चित्रवही

हेच! धाग्यावरची पहिली खरी टीका ही. तिथे एवढं कुणी म्हणालं असतं तर मार्क गेल्याचं तिला काहीच वाटलं नसतं. हरिपूरकर दादांनी शिल्प पाहिलेलंही नाही, माझ्या चार ओळींवरून त्यांनी नेमकी खोट काढली. कारण त्यांना पेव माहीत आहे. परीक्षकांना पेव माहीत नसेल तर हरकत नाही, पण मग त्यांनी घावांवरून हात तरी फिरवायचा.

बाहेरचापरीक्षक

हात फिरवून पाला आठवत नाही, मॅडम. ती "पेव" एवढं एकच बोलली असती तर पुढचे प्रश्न आपोआप आले असते. हरिपूरकरांना तुम्ही आधी सांगितलंत की ते पेव आहे. मग त्यांना खोट दिसली. तुमच्याच नियमाने त्यांच्यापुढे नुसतं प्लास्टर ठेवायला हवं होतं.

हरिपूरकर

मला नुसतं बघूनबी कळलं असतं हो.

चौथीसेम

तिला हा धागा दाखवला. पाल्याचं वाचून म्हणाली, आजोबा जिवंत असते तर त्यांना विचारलं असतं. पुढच्या सेमिस्टरला तेच परत करणार आहे, रेघांसकट. आणि तोंडाच्या कडेला हळद चोळायची म्हणतेय.

छिन्नीहातोडा

नुसती हळद उन्हात आठवड्यात उडून जाईल. आणि जवळपास चुना असला तर लाल होईल, तिला सांगा. आधी तुकड्यावर करून बघ म्हणावं. साचा काढायला अडचण आली तर वर्कशॉपला या दोघी. मार्कांचं विचाराल तर मी परीक्षक असतो तर तेवढेच दिले असते.