२६व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ, पहिलीत जन्मतारखेनं घालायचं की ड्यू डेटनं?

चिऊची_आई: लेक २६व्या आठवड्यात झाली, ७८० ग्रॅम, ७४ दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात). जन्म डिसेंबर २०१९, ड्यू डेट होती मार्च २०२०ची. वेळेवर झाली असती तर ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण हवीत या नियमानं २०२६ला पहिलीत गेली असती, आता शाळा म्हणते २०२५च्या जूनलाच पाठवा. दोन वर्षांपर्यंत डॉक्टर सगळं करेक्टेड वयानं, म्हणजे ड्यू डेटपासून, मोजतात आणि शाळेत शिरताना ते तीन महिने गायब! बोलायला पोपट आहे हो, पण फळ्यावरचा शब्द उतरवायला मान वर करते, खाली करते, तोवर कुठं होतो तेच विसरते. माझं म्हणणं, एवढ्या लवकर झालेल्या पोरांचं वय ड्यू डेटनंच धरा.

सासवडकर: उगाच टेन्शन. आमचा थोरला सातमाशी, आजीनं कापसात गुंडाळून वाढवला, आज इंजिनियर आहे.

चिऊची_आई: दादा, सातमाशी वेगळं. आमचा सहावाही धड संपला नव्हता.

खडूवाली_बाई: ताई, मी झेडपी शाळेत पहिली-दुसरीच शिकवते, राग मानू नका. एकतर ३१ डिसेंबर हे किमान वय आहे, त्याच वर्षी घाला अशी सक्ती नाही, शाळा दामटून सांगत असेल तर लेखी मागा. पण थांबवून फायदा होतो का? जर्मनीत बव्हेरियात १९८५-८६ला जन्मलेल्या मुलांचा अभ्यास झालाय, उशिरा शाळेत घातलेली प्रीमॅच्युअर पोरं पहिलीत बाईंच्या मते काही सरस ठरली नाहीत, उलट आठव्या वर्षी वयाच्या मानानं चाचणीत मागंच होती. घरी बसून वर्ष जातं आणि शिकवणं तेवढं राहतं. पुढच्या बाकावर बसवा, फळ्याऐवजी शब्द वहीतच लिहून द्या, डोळे-कान परत तपासा.

चिऊची_आई: घरी कोण बसवतंय, ऑक्युपेशनल थेरपी (हाताची, रोजच्या कामांची सवय करून घेणारी) चालू आहे की! आणि चाचणीचं म्हणाल तर आमचाही आयक्यू "नॉर्मल" आला. ब्रिटन-आयर्लंडच्या एपिक्युअर अभ्यासात १९९५ची, २५ आठवडे किंवा आधीची पोरं होती, सहाव्या वर्षी चाचणीच्या छापील मापानं २१ टक्के बरीच मागं दिसली आणि त्यांच्याच वर्गातल्या मुलांशी ताडून बघितल्यावर ४१. म्हणजे कागदावर ठीक, वर्गात नाही. आणि एका वर्गात चाळीस पोरं असताना तुमच्यासारखी बाई वहीत शब्द लिहून देईल, माझ्या लेकीची नाही देणार.

खडूवाली_बाई: चाळीसचं खरंय. माझ्याकडे एकोणीस आहेत म्हणून जमतं.

जुळ्यांचा_बाबा: आमची २७ आठवड्यांची जुळी. मुलगी पुढं गेली, मुलाला आम्ही वर्षभर थांबवलं. डब्याची झिप, चपलेचा बेल्ट, पेन्सिल धरणं, सगळं त्या वर्षात जमलं आणि सकाळचं रडणंही थांबलं. गणित मात्र अजून तसंच, हातचा घेतला की कुठला ते विसरतो, म्हणजे बाई म्हणतात ते पण खोटं नाही. पण आता तो दुसरीत, ती तिसरीत, आणि पाहुणे आले की "कितवीत रे?" विचारतात तेव्हा तो तिच्याकडं बघतो. तुमची एकटी आहे ना, मग थांबा. फक्त त्याच शाळेत सीनियर केजी रिपीट नका करू, जुना वर्ग समोरून पहिलीत जाताना दिसतो. आम्ही ती चूक केली.

सासवडकर: वर्षभर फी पण डबल हो.

चिऊची_आई: फीचं सोडा. दुसरी बालवाडी बघतेय, पण ते विचारतात, "सीनियर झालंय ना, मग परत कशाला?"